मोठ्या बाई आणि अप्पांचं लॉन

मोठ्या बाईंना पाणी द्यायचं म्हणजे परीक्षाच असायची. त्या आल्या आल्या सांगायच्या, "अर्धाच पेला दे गं." आपण सवयीनं पेला भरून नेला, की त्या शांतपणे उठायच्या, अर्धं पाणी दारातल्या कुंडीत ओतायच्या आणि मगच उरलेलं प्यायच्या. चेहऱ्यावर राग नाही, बोलण्यात टोमणा नाही. माझ्या सासूबाईंना पहिल्यांदा ते चांगलंच झोंबलं. "आपल्या घरचं पाणी झाडाले घालते ही बाई," असं त्या दोन दिवस म्हणत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच बाईंसाठी फडताळातला लहान पेला काढून ठेवला.

मोठ्या बाई म्हणजे एका मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. निवृत्त झाल्या तरी शाळेतलं नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. आमची सोसायटी नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा रोडच्या आतल्या अंगाला होती. आता तिथून मनीषनगरपर्यंत घराला घर लागलं आहे. तेव्हा कुंपणापलीकडे तुरीची शेतं होती. नळ आलेला नव्हता. सगळ्यांच्यात मिळून एक विहीर, एक पंप आणि एक टाकी. सोसायटीचं सेक्रेटरीपद कोणालाच नको होतं, म्हणून ते बाईंच्या गळ्यात घातलं, आणि महिनाभरात सगळ्यांच्या लक्षात आलं की आपण पुन्हा शाळेत दाखल झालो आहोत. सभेला उशिरा येणाऱ्याला बाई दारातच विचारायच्या, "का उशीर झाला?" हायकोर्टात भल्याभल्यांना गप्प करणारे आमचे एक वकीलसाहेब त्या दारात उभे राहून खरोखरच कारण सांगायला लागले होते. मतदानाच्या वेळी "हात वर" म्हटलं की बाई मोजून होईपर्यंत कोणाची हात खाली घेण्याची टाप नव्हती.

त्या काळी घरापुढे लॉन हवंच, असं एक खूळ आमच्याकडे शिरलं होतं. मे महिन्यात जिथे कावळासुद्धा चोच उघडी टाकून सावलीत बसतो, त्या गावात आम्ही गवताला सकाळ-संध्याकाळ पाइपनं पाणी पाजायचो. सगळ्यांत देखणं लॉन होतं बाईंच्याच घरचं, म्हणजे त्यांच्या यजमानांचं. अप्पा रेल्वेच्या कचेरीत कारकून म्हणून लागले होते. तरुणपणी साहेबाच्या बंगल्यावर फायली पोचवायला जावं लागे. "लॉनच्या कडंकडंनं जायचं. आतून गेलं का चपराशी ओरडे," असं ते सांगत. तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं, की आपलं घर झालं की आपलं लॉन करायचं आणि त्याच्या मधोमध खुर्ची टाकून बसायचं. घर झालं, लॉन झालं, आणि वर्षाच्या आत अर्धांगवायूनं त्यांचं उजवं अंग गेलं. मग बाई रोज संध्याकाळी त्यांना धरून व्हरांड्याच्या पायऱ्या उतरवायच्या, खुर्चीत बसवायच्या आणि त्यांची पावलं ओल्या गवतावर ठेवायच्या. डाव्या पायाला तेवढा गारवा कळायचा. आमचं घर लागूनच, कम्पाउंडच्या भिंतीवरून मला ते दिसे. अप्पांचा चेहरा त्या वेळी अगदी साहेबासारखा होई.

एका वर्षी पाऊस हात राखून पडला आणि होळीच्या आधीच विहिरीचा तळ दिसायला लागला. बाईंनी सभा बोलावली आणि ठराव मांडला : जो आपलं लॉन काढून कमी पाण्यावर जगणारी झाडं लावील, त्याला पाण्याच्या वर्गणीत अर्धी सूट. सूट म्हटल्यावर कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात मागून एक जण म्हणाला, "बाई, पहिले तुमच्या घरचं काढा ना जी. मंग आमचं पाहू."

सभा हसली. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी. आता हात वर."

दुसऱ्या दिवशी उन्हं यायच्या आत बाई पदर खोचून अंगणात उभ्या होत्या आणि गडी कुदळ मारत होता. अप्पा व्हरांड्यात खुर्चीवर. जीभ जड झालेली, तरी शब्द मला स्पष्ट ऐकू आले, "काहून वं? माह्यंच काहून?"

"आपलंच पहिले," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याची पाटी तपासायच्या आधी आपली पुसावी, हे मी जन्मभर पोरींना शिकवलं."

अप्पांनी पुढे वाद घातला नाही. डाव्या हातानं खूण करून त्यांनी खुर्ची आत घ्यायला लावली. त्या दिवसापासून ते व्हरांड्यात आलेच नाहीत. बाईंनी कण्हेर लावली, तगर लावली, कोपऱ्यात सीताफळ, कडेनं कोरफड आणि सदाफुली. संध्याकाळ झाली की त्या विचारायच्या, "बाहेर बसता का थोडं?" आतून उत्तर यायचं, "काय पाहू? ढेकळं?" मग बाई एकट्याच तांब्या घेऊन रोपाच्या बुडाशी पाणी घालत फिरायच्या. मला बाईंचा रागही यायचा आणि कीवही.

बाईंचं लॉन गेल्यावर बाकीच्यांची भीड मोडली आणि भराभरा लॉनं निघाली. पण आपले लोक वस्ताद! झाडं लावून रोज निगा कोण राखणार, म्हणून निम्म्या लोकांनी लॉनच्या जागी शहाबादी फरशी बसवली आणि सूट मात्र पदरात पाडून घेतली. उन्हाळ्यात आम्ही नागपूरकर अंगणात बाजा टाकून झोपणारे. दिवसभर तापलेली ती फरशी संध्याकाळी तव्यासारखी व्हायची. ती निवल्याशिवाय बाजा कशा टाकणार? म्हणून तिच्यावर बादल्यांवर बादल्या ओतायला सुरुवात झाली. गवताला लागत नव्हतं इतकं पाणी फरशी प्यायला लागली आणि विहिरीचं पाणी होतं त्याहून खाली गेलं.

बाईंनी एक संध्याकाळ नुसती फिरून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी फरशीवाल्यांची सूट बंद केली. झालं! पाच-सहा जण तावातावानं त्यांच्या दारात आले. मी भिंतीपाशीच होते.

"लॉन काढलं ना जी आम्ही? ठरावात फरशीचं कुठं होतं?"

"ठरावात झाडं होती," बाई म्हणाल्या.

"ही तर दादागिरी झाली! तुम्हाले काय, शाळेतल्या पोरी समजून राहिल्या का आम्हाले?"

आवाज चढत गेले. बाई एकट्या पायरीवर उभ्या होत्या. तेवढ्यात आतून खुर्ची फरशीवर घासल्याचा आवाज आला. अप्पा डाव्या हातानं खुर्चीची पाठ धरून, ती ढकलत ढकलत, एकटेच दारापर्यंत आले होते. धाप लागली होती. एकेक शब्द ओढून काढत ते म्हणाले, "माह्यं लॉन गेलं. तुमची फरशी काहून राहिली?"

अप्पांचं लॉन साऱ्या सोसायटीला ठाऊक होतं. एकेक जण फाटकातून बाहेर पडला, आणि त्या पावसाळ्यात बऱ्याच जणांनी फरशी उखडून झाडं लावली.

लोक गेल्यावर बाईंनी अप्पांना खुर्चीत बसवलं. हळूच विचारलं, "राग गेला का?"

"नाही," अप्पा म्हणाले. "राग आहेच. पण ते तुह्यावर ओरडून राहिले होते."

पुढच्या थंडीत अप्पा गेले. काही महिन्यांनी बाईंनी घर विकलं आणि लेकीकडे अमरावतीला जायला निघाल्या. मी निरोप द्यायला गेले तेव्हा त्या कण्हेरीपाशी उभ्या होत्या. धीर द्यावा म्हणून मी म्हणाले, "बाई, तुमच्यामुळे विहीर वाचली."

"नियम बराबरच होता," त्या म्हणाल्या. "त्याचं मले काही वाटत नाही. पण साऱ्या सोसायटीची सभा घेतली वं मी. एकेकाचा हात मोजला. घरातल्या माणसाले तेवढं विचारलं नाही. विचारलं असतं ना, तर ते हो म्हणाले असते. तेच लागतं मनाले."

माझे डोळे भरून आले आणि त्यांचेही. शाळेतल्या मोठ्या बाई रडतात हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

पुढे सेक्रेटरीपद माझ्याकडे आलं. कोणताही ठराव सभेत मांडायच्या आधी मी घरी विचारते. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "मले काहून विचारतेस? तुले जे करायचं तेच करशील."

तरी मी विचारते, आणि ते हो म्हणेपर्यंत तिथेच उभी राहते.