कंपाउंडरकाका आणि निघून गेलेला सदा

आमचे कंपाउंडरकाका गोष्टीतल्या माणसांची चौकशी पेशंटची करावी तशी करायचे. मुलुंडच्या दवाखान्यात खिडकीपलीकडे बसून बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवता चिकटवता ते मालवणीत विचारत, "काय गो, सदा खंय गेलो असतलो?" सदा म्हणजे एका साप्ताहिकातल्या रहस्यमालिकेच्या गुप्तहेराचा जोडीदार. एका भागात तो गुप्तहेराशी भांडून निघून गेला आणि पुढच्या आठवड्यापासून साप्ताहिकच बंद पडलं. आमच्या कॉलनीत एकेक अंक चार-चार घरांत फिरायचा. सगळ्यांचाच जीव टांगणीला लागला.

ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. दसऱ्याला काकांनी जाहीर केलं की आता ही मालिका आपणच लिहायची. प्रत्येकाने चिठ्ठीवर आपलं नाव आणि कशी गोष्ट हवी ते लिहायचं. ज्याची चिठ्ठी आपल्याला येईल त्याच्यासाठी गुपचूप लिहायचं आणि पाडव्याच्या सकाळी गच्चीवर वाटप. लोक हसले, पण चिठ्ठ्या सतरा जमल्या. मग चकल्या तळतानाही बायकांचं लक्ष वहीकडे. बँकेतले पाटणकर जिन्यात भेटले की नजर चुकवायचे, त्यामुळे त्यांच्याकडे आपलंच नाव आलंय असं निम्म्या कॉलनीला वाटायचं. काका येता-जाता प्रत्येकाला विचारत, "लिवतंस मां?"

वाटण्याआधी प्रत्येक गोष्ट ते स्वतः वाचत. मी तेव्हा अकरावीत होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. मला चिठ्ठी आली समोरच्या बिल्डिंगमधल्या जाधवमावशींची. त्यांचा मुलगा वडिलांशी भांडून दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता, पत्र नाही की निरोप नाही. चिठ्ठीत एवढंच होतं: सदा घरी यावा. मी मात्र सदाला वर्सोव्याच्या खाडीत बुडवलं. वाचणारा हादरला पाहिजे, ही माझी हौस.

काकांनी गोष्ट उभ्यानेच दोनदा वाचली. भाषेचं कौतुक केलं, एक शुद्धलेखनाची चूक दाखवली. मग कागद माझ्यापुढे ठेवत म्हणाले, "गोष्ट झकास आहे. पण ही जाधवबाईंच्या हातात द्यायला तू स्वतः जाशील?"

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी खाली फटाके वाजत होते आणि मी फुरंगटून नवी गोष्ट लिहीत होते. तिच्यात सदा दुपारी घरी येतो, काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून बेल न दाबता नुसती कडी वाजवतो.

जाधवमावशींनी ती गोष्ट गच्चीवर उघडलीच नाही, घरी नेली. दोन दिवसांनी बीपीच्या गोळ्या न्यायला दवाखान्यात आल्या. कुणी लिहिली हे त्यांनी विचारलं नाही. काकांना फक्त म्हणाल्या, "आमचा पण बेल दाबत नाही. कडीच वाजवतो." काकांनी मला हे सांगितलं आणि लगेच पुड्या बांधायला घेतल्या. मुलगा खरोखर आला तो पुढे तीन वर्षांनी, बायकोला घेऊन.

पाच दिवाळ्या हे चाललं. पाचव्या वर्षी माझं नाव काकांकडेच होतं, पण ते अंथरुणाला खिळलेले. गोष्ट वेळेवर आली, अक्षर मात्र काकूंचं. काकूंनी ती मालिका कधी वाचली नव्हती. 'रिकामटेकड्यांचे उद्योग' म्हणायच्या. तरी काकांनी सांगितलेला शब्द न शब्द त्यांनी उतरवला होता, आणि मध्येच स्वतःचंही: 'इथे ह्यांना खोकला आला, थांबलो.' 'मला विचाराल तर सदाने नि गुप्तहेराने आधी जेवून घ्यावं.' संक्रांतीच्या आधी काका गेले.

पुढच्या दसऱ्याला चिठ्ठ्यांचा विषय कुणीच काढला नाही. संध्याकाळी काकू आमच्याकडे आल्या, आपट्याचं पान देऊन झाल्यावर घडी केलेला कागद माझ्या हातात ठेवला. त्यावर लिहिलं होतं: 'गुप्तहेराच्या बायकोची गोष्ट हवी. तो बाहेर असायचा तेव्हा ती काय करायची?'

तो कागद मी दुसऱ्या कुणाकडे जाऊ दिला नाही. लिहायला बसण्याआधी चार दुपारी काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि त्या बोलत होत्या ते ऐकत राहिले.