बोलणं आलं की आवाज बंद

लग्न ठरताना सासरबद्दल मला दोनच गोष्टी सांगितल्या गेल्या होत्या. एक, शेत बागायती आहे. दोन, सासरे फार शांत आहेत. पहिली खरी निघाली.

सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. जळगाव जामोदच्या बाहेर, सातपुड्याच्या अंगाला आमचं वावर आहे. वांगी, मिरची, कांदा. मामाजी सकाळभर तिथे असत आणि तिथे खरोखरच तोंड उघडत नसत. बाजारातही दोन शब्दांत काम भागवत. पण दुपारी घरी येऊन जेवले, खाटेवर टेकले आणि टीव्ही लागला, की सुरू. मग दोन तास खंड नाही. आणि हे सगळं बोलणं जुन्या इंग्रजी चित्रपटांवर. त्यांना इंग्रजी एबीसीडीपलीकडे येत नव्हतं, पण त्याने त्यांचं कधी काही अडलं नाही.

या चित्रपटांचं मूळ अकोल्यात. तिथलं एक कॅसेटचं दुकान बंद होत होतं आणि मालकाने उरलेला माल गोणीत भरून दुकानाबाहेर ठेवला होता. हिंदी चित्रपट आधीच उचलले गेले होते. राहिल्या त्या कोणालाच नको असलेल्या इंग्रजी कॅसेटी. मामाजी कांदा विकायला गेले होते, ते परतीच्या रिकाम्या गाडीतून ती गोणी घेऊन आले. आत्याबाई अजूनही ऐकवतात, "कांदे घेऊन गेलते अन् कचरा घेऊन आलते."

त्या गोणीत जवळजवळ सगळे दोनच प्रकारचे चित्रपट निघाले. एक, उजाड माळ, घोडे, बंदुका. दुसरे काळे-पांढरे, ओले रस्ते, सिगारेटी, पडद्यांच्या पट्ट्यापट्ट्यांची सावली तोंडावर पडलेली माणसं. त्यांना 'फिल्म न्वार' म्हणतात हे मला फार पुढे कळलं. आमच्या घरात त्यांची नावं 'घोड्याचे' आणि 'अंधाराचे'. आज कोणता लावायचा, घोड्याचा का अंधाराचा, एवढंच विचारायचं.

पावसाळ्यात कॅसेटींना बुरशी धरू लागली, तेव्हा आमच्या ह्यांनी खामगावच्या एका लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडून त्या डीव्हीडीवर उतरवून घेतल्या. त्या भल्या माणसाचा हात सवयीने चालला. त्यामुळे आमच्याकडचा प्रत्येक चित्रपट सुरू झाला की आधी गुलाबाच्या पाकळ्या पडतात, सनई वाजते, सोनेरी अक्षरांत 'शुभविवाह' येतं आणि मग माळावरून एकटा घोडेस्वार येताना दिसतो. अंधाराच्यात तर पाकळ्या थांबतात न थांबतात तोच खून. हे काढून टाकू म्हटलं तर मामाजींनी नको म्हटलं. शुभ आहे, राहू द्या.

रिमोट कायम त्यांच्या उजव्या हातात. घोडे धावताहेत, गोळ्या सुटताहेत, आवाज मोठा. पडद्यावर कोणी बोलायला तोंड उघडलं की आवाज बंद. मग ते सांगत. पडद्यावरचे ओठ हलत आणि आमच्या खोलीत वऱ्हाडी ऐकू येई. हे सगळं मुख्यतः आत्याबाईंसाठी. त्या खाली बसून काहीतरी निवडत, सोलत असत, आणि वर बघून एकच विचारत, "हा कोनाचा?"

त्या प्रश्नावर मामाजींची सगळी इमारत उभी होती. घोड्याच्या चित्रपटात बहुधा एक परका माणूस गावात येतो. गाव गप्प बसतं, दाराच्या फटीतून बघतं. आमच्या भागात हे घडणंच शक्य नाही. इथे बसमधून परका माणूस उतरला तर पानटपरी गाठायच्या आत तिघांनी विचारलेलं असतं, कुठले पाहुणे, कोणाकडे आले. त्यामुळे मामाजींनी त्या सगळ्या घोडेस्वारांना नाती लावून दिली होती. हा त्या दारूवाल्याच्या बायकोचा मावसभाऊ. तो फौजदार याचा साडू, म्हणून दोघांचं पटत नाही.

माझा स्वभाव असा, की चुकीचं ऐकून गप्प बसवत नाही. बी.ए.ला इंग्रजी होतं, आवाज बंद व्हायच्या आधी जे एखादं वाक्य कानावर पडे ते मला बऱ्यापैकी कळे. नव्या नवलाईचे दिवस संपले तसं एकदा मी बोलूनच टाकलं. "मामाजी, तो कोणाचा कोणी नाहीये. आत्ता स्वतःच म्हणाला तसं."

मामाजींनी आवाज बंदच ठेवला. "तो म्हनते. म्हनन नाही त काय? इतक्या वर्सानं घरी आला, लाज वाटून राह्यली त्याले सांगाले."

 मला पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण ते पडद्याकडे बघतच म्हणाले, "अन् सूनबाई, जो कोनाचाच नाही तो दुसऱ्याच्या वावरासाठी गोळी काऊन खाईन?"

पुढे मी या चित्रपटांबद्दल थोडंफार वाचलं. त्यांचं सगळं मोठेपण त्या माणसाच्या एकटेपणात आहे, असं जाणकार लिहितात. असेलही. पण मामाजींच्या दुपारी इतकी वर्षं ऐकल्यावर मला आता एकटा माणूस दिसला की त्याची मावशी कुठे असेल असंच वाटतं. घोडा वळवून तो शेवटी निघून जातो, तिथे मामाजी सांगत, बहिणीकडे चालला आहे, राखीच्या आत येईल परत. आत्याबाई मान डोलावत आणि शेंगा सोलत.

अंधाराच्या चित्रपटांवर आत्याबाईंचा राग होता. "यांच्या घरात लाईट काऊन नाही लावत?" मामाजी म्हणत, "त्यायची बी लाईन रातच्यालेच येत असन." आमच्या वावरात पंपाला वीज कधी येते हे ज्याला माहीत आहे त्याला यात विनोद वाटणार नाही. या चित्रपटांत एक देखणी बाई असते, तिच्यापायी पुरुष देशोधडीला लागतात, आणि ती मनातून काळी असते असं शेवटी उघड होतं. मामाजींच्या सांगण्यात ती एकदाही वाईट निघाली नाही. तिच्याबद्दल ते एवढंच बोलत. "तिले माहेर नाही. रुसून जाईन तरी कुठी?"

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी आई जाऊन वर्ष झालं नव्हतं. वडील त्याआधीच गेलेले. मी चहा ठेवायच्या निमित्ताने उठले आणि ओट्याशी उभी राहून रडले. बाहेर आले तर चित्रपट थांबवून ठेवलेला.  मी बसले तसा मामाजींनी तो पुढे सुरू केला. मला वाटतं त्या दिवसापासून मी त्यांची चूक काढणं सोडलं.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी मामाजी मिरचीच्या वाफ्यात पडले. लकवा. अकोल्याच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पाय ओढत का होईना चालत होते, पण उजवा हात गेला होता आणि बोलणंही. समजत सगळं होतं. शब्द डोक्यात असतो, फक्त तोंडापर्यंत पोहोचत नाही, असं डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. आणि हेही सांगितलं, की आत्ता, या सुरुवातीच्या महिन्यांत ते बोलायचा प्रयत्न करत राहिले तर पुष्कळ परत येईल. गप्प बसले तर ही वेळ निघून जाईल, मग कठीण आहे.

दवाखान्यातून चित्रांचे पत्ते दिले होते. गाय, कप, दार, छत्री. सकाळ-संध्याकाळ आम्ही तिघं त्यांच्या समोर बसायचो, मी पत्ता धरायची आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे बघायचो. "बोला, मामाजी. गा..." ते 'गा' म्हणत, मग ओठ भलतीकडेच वळत आणि निघे 'ता'. घाम फुटायचा त्यांना. भेटायला येणाऱ्यांची तर आणखीच तऱ्हा. ते त्यांचा अर्धा शब्द उचलून आपणच पूर्ण करत, बरोबर का म्हणून विचारत आणि उत्तराची वाट न बघता पुढचा विषय काढत. एके दिवशी मामाजींनी डाव्या हाताने सगळे पत्ते लोटून दिले आणि तोंड मिटलं. त्यानंतर 'गा'सुद्धा नाही. मान हलवून हो, मान हलवून नाही. आठवडे जाऊ लागले. मला रात्रीची झोप लागेना, कारण डॉक्टरांनी सांगितलेली वेळ रोज हातातून जात होती आणि ती धरायची कशी ते कोणालाच कळत नव्हतं.

मग मला वाटलं, आपल्याला जमेल. दुपारी त्यांना खाटेवर टेकवलं, घोड्याचा चित्रपट लावला, पाकळ्या पडल्या, सनई झाली, आणि बोलणं आलं तसा मी आवाज बंद केला. मी सांगू लागले. त्यांनी लावून दिलेली सगळी नाती मला पाठ होती. मावसभाऊ, साडू, सगळं जागच्या जागी. मामाजींनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम चुकवलं. मावसभावाला दीर केलं, फौजदाराला परका ठरवलं. राग येईल, निदान एक शब्द तरी फेकून मारतील, अशी माझी अटकळ. मामाजी माझ्याकडे बघत राहिले. माझी चलाखी त्यांना पहिल्या वाक्यातच कळली होती, आणि त्या बघण्यात राग नव्हता, दया होती. माझीच कीव करत होते ते. मला इतका संताप आला की मी आवाज मोठा केला, रिमोट खाटेवर टाकला आणि म्हणाले, "ऐका मग इंग्रजीच."

आणि आमच्या घरात पहिल्यांदा ती माणसं आपल्या तोंडाने शेवटपर्यंत बोलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामाजींनी स्वतःच टीव्हीकडे बोट केलं. मी लावून दिला आणि माझ्या कामाला बसले. मग रोजचंच झालं. कोणी काही सांगत नसे. आत्याबाई खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत, मी कधी शिकवणीच्या मुलांच्या वह्या तपासत असे, मामाजी बघत. आमचे हे एकदा म्हणाले, "कोनालेच समजून नाही राह्यलं त लावता काऊन?"  मला एवढंच जाणवत होतं, की दिवसातला हा एकच वेळ असा, जेव्हा त्यांच्या तोंडाकडे कोणी बघत नाही. आम्ही सगळे समोर बघतो.

अशाच एका दुपारी घोड्याचा लागला होता. एक लाकडी घर, कंदील, टेबलावर मांडलेली दोन ताटं आणि वाट बघत बसलेली बाई. घोड्यावरून कोणी यायचं होतं, ते येत नव्हतं. मी वह्यांत मान घालून होते.

"जे... जेव..."

मी मान वर केली नाही. का केली नाही ते मलाच ठाऊक नाही, पण बरं झालं.

"जेव...ली?"

 पडद्यावरच्या बाईकडे बघत, जमेल तितक्या साध्या आवाजात मी उत्तर दिलं, "नाही मामाजी. वाट बघतेय ती त्याची. तो आला की जेवेल."

खाटेवरून नकाराचा हुंकार आला. डावा हात उचलून त्यांनी खाली, शेंगांच्या सुपाकडे केला. तिथे आत्याबाई बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले होते.

चार वाजून गेले होते. मामाजींना घास घास भरवायला तासभर लागे, मग गोळ्या, मग धरून अंगणात चालवणं, मग कपडे. या सगळ्यात आत्याबाईंचं जेवण कधी होतं, होतं की नाही, हे आम्ही कोणीच पाहिलं नव्हतं. मीही नाही, आणि मी तर घरातच होते. खाटेवर पडल्या पडल्या एकट्या मामाजींनी ते रोज पाहिलं होतं, आणि इतके दिवस ते विचारायला त्यांच्याजवळ शब्द नव्हता.

आत्याबाईंनी नवऱ्याशी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "नाही," त्या म्हणाल्या.

"जा," मामाजी म्हणाले. मग बराच वेळ गेला. टीव्हीवर कोणीतरी इंग्रजीत काहीतरी म्हणालं. "जेव."

तो शब्द अख्खा आला. आत्याबाई उठल्या, आत गेल्या, भाकरी आणि गार झालेली भाजी वाढून घेऊन आल्या आणि खाटेला टेकून, आमच्यासमोर जेवू लागल्या.  मी टीव्हीकडे बघत राहिले. दोघांपैकी कोणाकडेही बघायची माझी हिंमत झाली नाही.