सहा शेजारी झाल्यावर

दुसऱ्याची चूक शोधण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही, हे आधीच सांगून टाकते. हॅम्बर्गमध्ये सॉफ्टवेअर तपासायचं काम मी अकरा वर्षं करते आहे. चूक कुठे होते, केव्हा होते, काय केल्यावर होते, ते मी असं लिहून देते की समोरच्याला वाद घालायला जागाच उरत नाही. त्यामुळे तळमजल्यावरच्या बाईंविरुद्ध आवाजाच्या नोंदी ठेवायचं आमच्या इमारतीत ठरलं, तेव्हा ते काम आपसूक माझ्याकडे आलं.

जर्मनीत शेजारी गोंगाट करतो म्हणून नुसतं कुरकुरून चालत नाही. त्याचं लेर्मप्रोटोकॉल लागतं. तारीख, वेळ, कसला आवाज, किती मिनिटं, कोणी केला, असा दोन-तीन आठवड्यांचा तक्ता इमारत सांभाळणाऱ्या कंपनीला दिला की पुढची चक्रं फिरतात. तळमजल्यावरच्या बाई दमास्कसहून आलेल्या, इस्पितळात नर्स, पदरी दोन मुली. नवीन आल्या तेव्हा रात्री कपाटं ओढली म्हणून त्यांना एक ताकीद मिळालेली होती. आता दुसऱ्यांदा तक्रार सिद्ध झाली तर घर सोडायची नोटीस येणार, हे अख्ख्या इमारतीला माहीत होतं. मलाही माहीत होतं. या शहरात दोन मुलींना घेऊन घर शोधणं म्हणजे काय, हेही मला माहीत होतं.

मुख्य तक्रार दुसऱ्या मजल्यावरच्या जर्मन आजींची होती. रोज सकाळी पावणेसहाला खालून ठोकण्याचा आवाज येतो, असं त्यांचं म्हणणं. सहापर्यंत शांतता पाळायचा नियम असल्यामुळे गुन्हा मोठा. आम्ही मधल्या, पहिल्या मजल्यावर. आमची झोपायची खोली मागच्या बाजूला, त्यामुळे मला काही ऐकू येत नव्हतं. पण आजी रोज पत्रपेटीत चिठ्ठी टाकायच्या आणि मी ती तक्त्यात उतरवायचे. 'कोणी केला' या रकान्यात मी न चुकता तळमजला लिहायचे. मुली पळाल्या, दार आपटलं, अशा दिवसाच्या किरकोळ नोंदीही होत्या, पण सगळी भिस्त त्या ठोकण्यावर. खरं सांगायचं तर बाईंवर माझा काही राग नव्हता. तक्ता फार सुरेख जमत होता, एवढंच.

त्याच दिवसांत माझे सासरे नगरहून तीन महिन्यांसाठी आले होते. आम्ही पिढीजात ख्रिस्ती. पप्पा गावच्या शाळेत मास्तर होते आणि रविवारी देवळात शास्त्रवाचन करायचे. चर्चला आमच्याकडे देऊळच म्हणतात. मोतीबिंदूमुळे त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून संध्याकाळी मी वाचून दाखवायचे. निवड माझी असली की मी हिब्रू संदेष्ट्यांनी गर्विष्ठ शेजारी राष्ट्रांना सुनावलेले देवाचे निवाडे काढायचे. लहानपणापासून मला गोड गोड स्तोत्रांपेक्षा तेच आवडतात. कुणी उंच कड्यावर घरं बांधून निर्धास्त बसलेले, कुणी जहाजांच्या जोरावर मिजास करणारे, आणि एकेकाची रग देव जिरवतो. वाचताना माझा आवाज आपोआप चढतो.

त्या शनिवारी मी एका मेंढपाळ संदेष्ट्याचा निवाडा काढला. त्याची सुरुवातच दिमिष्कापासून, म्हणजे दमास्कसपासून. मला हसू फुटलं.

"पप्पा, आपल्या खालच्या बाईंचंच गाव की! पहिला नंबर त्यांचा."

पप्पा हसले नाहीत. "वाच तू," म्हणाले.

मी वाचत गेले. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. कुणी माणसं गुलाम म्हणून विकलेली, कुणी भावाच्या नात्याचा करार मोडलेला, कुणी मेलेल्या राजाची हाडंसुद्धा जाळलेली. शिक्षा सगळ्यांना एकच, आग. सहाव्या राष्ट्राशी थांबून मी पाणी प्यायले.

"का गं थांबलीस?"

"झाले ना सगळे शेजारी."

"सूनबाई, हा माणूस उभा कुठे होता? परक्या मुलखात नाही, इस्राएलातच, आपल्याच देवाच्या लोकांपुढे. एकेका शेजाऱ्याचं नाव आलं की लोक माना डोलवत असणार. सातवं नाव यहूदाचं, म्हणजे भावाच्या राज्याचं. आणि आठवं?"

"ऐकणाऱ्यांचं."

"त्यांचाच निवाडा सगळ्यात लांब. मी देवळात चाळीस वर्षं वाचला. सहाव्यापर्यंत सगळे जागे असतात."

"भारी टेक्निक आहे," मी म्हटलं. मला तेव्हा तेवढंच सुचलं.

तक्ता सोमवारी पाठवायचा होता. चूक स्वतः एकदा पाहिल्याशिवाय मी अहवाल देत नाही, हा माझा कामातला नियम. म्हणून रविवारी साडेपाचचा गजर लावून उठले, फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिले. बरोबर पावणेसहाला ठोकणं सुरू झालं. आवाज आमच्याच स्वयंपाकघरातून येत होता.

पप्पा फरशीवर मांडी घालून बसले होते. पुढ्यात गावाहून टॉवेलात गुंडाळून आणलेला पितळी खलबत्ता, आणि ते चहासाठी आलं ठेचत होते. ओट्याशी उभं राहून त्यांना जमत नाही, हात भरून येतात. फरशीतून तो आवाज वरपर्यंत जात असेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"उठलीस? तुझाही टाकू का चहा?"

मी फोनवरचं रेकॉर्डिंग बंद केलं. तक्त्यात ठोकण्याच्या सतरा नोंदी होत्या, आणि त्यातली पहिली पप्पा आले त्याच्या दुसऱ्या दिवशीची होती. इतके दिवस ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नव्हतं.

नवरा उठल्यावर त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आल्झो, मग तेवढ्या एन्ट्रीज डिलीट कर ना. पप्पा, तुम्ही उद्यापासून किसणी वापरा. विषय संपला."

"आणि आजींना काय सांगू? त्या अजून खालच्या बाईंनाच धरून बसल्यात. दुसऱ्या कुणाकडून नवीन तक्ता करून घेतील."

"मग काय आपलंच नाव लिहिणार? सगळ्या बिल्डिंगमध्ये शोभा होईल अगं."

पप्पा चहा गाळता गाळता म्हणाले, "माझं नाव लिही. मी ठोकलंय."

"तुम्ही आलं ठेचलंत, पप्पा. तळमजला मी लिहिलं."

मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला स्वतःचाच राग येतो. पण सापडलेली चूक दाबून ठेवणं मला या जन्मात जमायचं नाही. तक्ता उघडला आणि सतराच्या सतरा ठिकाणी तळमजला काढून आमचं घर लिहिलं. खाली एक वाक्य जोडलं, की नोंद करणारीनेच खात्री न करता चुकीचं घर लिहिलं होतं, त्या कुटुंबाचा यात काही दोष नाही. मग वर जाऊन आजींना सांगितलं. त्या दारातूनच "पण आवाज होता, गेनाऊ, अगदी बरोबर पावणेसहाला," एवढंच म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. मी खाली येऊन मेल पाठवून दिला.

दुपारी पप्पांना घेऊन तळमजल्यावर गेले. बाई नुकत्याच ड्यूटीवरून आल्या होत्या, अंगात अजून कोट होता. मी सगळं एका दमात सांगितलं. आवाज आमचा होता, तसं लिहून पाठवलंय, तुमच्या घराला आता धोका नाही, मला माफ करा.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "वरून येतो हे पहिल्याच दिवशी कळलं. वाटलं, कुणीतरी वडीलधारं माणूस उठून काहीतरी कुटतंय."

"मग बोलला का नाहीत? तक्रार करायची होती!"

त्यांनी पप्पांकडे बघून मान लववली, त्यांना आत बोलावून खुर्ची दिली. मग माझ्याकडे वळल्या.

"कोणाकडे करणार? लिहून घेणाऱ्या तुम्हीच होतात."