नाताळच्या दिवशी आईची अंघोळ

परवा, नाताळच्या सकाळी, मी आमच्या सिडकोतल्या घरात बाथरूमच्या दारात उभी राहून एका बाईवर मनापासून जळत होते... ती बाई त्या वेळी छावणीतल्या चर्चमध्ये उपासनेला बसलेली होती. तिला बिचारीला याचा पत्ताही नव्हता.

त्या आमच्या रूथमावशी. आईला सांभाळायला येतात, वर्ष होऊन गेलं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, वैजापूर सोडून माझ्याकडे आली आणि दुसऱ्याच महिन्यात बाथरूममध्ये घसरून पडली. हाड जुळलं, पण पाण्याची भीती जी बसली ती बसलीच.

घरात आम्ही दोघीच. माझी नोकरी चिकलठाण्याला, सकाळी आठला घर सोडावं लागतं. म्हणून मावशी ठेवल्या, आणि शिवाय आईच्या खोलीत छताजवळ कॅमेराही लावला. त्यातून बोलताही येतं. ऑफिसमधून माझ्या सूचना सुरू... आई, गोळी घे. आई, स्वेटर घाल. पहिल्या दिवशी तर तिनं छताकडे बघून हात जोडले होते!

पण त्याच कॅमेऱ्यानं माझा घात केला. मला दिसायला लागलं की आई हसते... मावशींशी. त्यांना माहेरच्या गोष्टी सांगते, ज्या मी पंचेचाळीस वर्षांत कधी ऐकल्या नाहीत. आणि अंघोळ? त्यांच्याकडून रोज, निमूटपणे. रविवारी, मावशींच्या सुट्टीला, मी घालते म्हटलं की बाथरूमची चौकट घट्ट धरायची आणि म्हणायची, "उद्या रूथ आल्यावर करते."

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पोटची मुलगी मी, आणि पगारी बाई जवळची? मग मी मावशींच्या चुका काढायला लागले. चादर नीट घातली नाही, भाजीत मीठ जास्त... मीठ बरोबर होतं. खोटं कशाला बोलू.

मावशींनी नाताळची सुट्टी मागितली तेव्हाही मी गप्प बसले नाही. विचारलं, "मावशी, तुमचा देव एवढा मोठा. मग त्याला माणूस व्हायची काय गरज पडली? वरूनच सगळं नीट करता आलं नसतं का?" विचारण्यात खोच होतीच.

त्या चादर घडी करत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "वरून लई सांगून बघितलं ना ताई त्यानं. आज्ञा दिल्या, संदेष्टे पाठवले. माणसं ऐकतात व्हय? पापात अडकलेली, मरणाला भ्यालेली. त्यांना सोडवायचं तर जवळच यावं लागतं. म्हणून देहधारी झाला. भूक, मार, सगळं सोसलं. आमचं पाप अंगावर घेतलं, मरणात आधी सोता उतरला, अन् तिसऱ्या दिवशी उठला. आता आम्हाला तिकडं जायचं भ्या नाय."

मला वाटलं, ही कॅमेऱ्यावरून मला टोमणा मारतेय. आणखीनच राग आला...

तर परवाची सकाळ. गिझरचं पाणी काढलं, स्टूल ठेवलं, टॉवेल गरम केला. आज दाखवतेच, असा माझा पवित्रा. आई दारापर्यंत आली आणि थांबली. मी आत उभी राहून सांगतेय, पाणी कोमट आहे, मॅट टाकलंय, काही होत नाही, ये. तिनं चौकट घट्ट धरली.

शेवटी मी ओरडले. आई रडायला लागली. म्हणाली, "रूथ कवा येणार गं?"

त्या क्षणी मला मावशींचा जेवढा हेवा वाटला तेवढा आयुष्यात कुणाचा वाटला नसेल. मी चिडूनच विचारलं, "असं काय वेगळं करते ती?"

आई डोळे पुसत म्हणाली, "तू उभी राहून सांगती. ती आधी सोता खाली बसती, फरशीवर. आपल्या डोक्यावर तांब्या घेती. मग म्हणती, बघा आजी, मला झालं का काही?"

वर्षभर ती बाई रोज असं भिजत होती, आणि मला एका शब्दानं बोलली नव्हती...

मग मी बसले. अंगातल्या ड्रेससकट, डिसेंबरच्या गार फरशीवर. खाली बसल्यावर कळलं, ओली फरशी तिथून किती चकाकते आणि धरायला हाताशी काहीच नसतं. खरं सांगते, मलाही जरा भीती वाटली. डोक्यावर तांब्या ओतला. म्हटलं, "बघ आई, काही झालं नाही."

आईनं चौकट सोडली. माझ्या खांद्यावर भार देत आत आली आणि स्टुलावर बसली.

मी तिच्या पायावर पाणी घालणार, तेवढ्यात तिनं तांब्या माझ्या हातातून घेतला आणि माझ्याच पाठीवर ओतला. मग बोटांनी माझी मान घासायला लागली. म्हणाली, "मान नीट घासतच नाय तू. लहानपणापासून तसंच." मी रडत होते, पण पाण्यात ते कुणाला कळणार...

दुसऱ्या दिवशी मावशी केक घेऊन आल्या. आईचा चेहरा असा फुलला की माझ्या पोटात पुन्हा दुखलंच. मी ख्रिस्ती नाही, पूजापाठही माझ्याकडून फारसा होत नाही. पण त्यांनी चादर घडी करता करता जे सांगितलं होतं, ते मला त्या फरशीवर बसल्यावर समजलं.

मावशी, वर्षभर तुमच्यावर जळले. माफ करा... माझी आई तुम्ही माझ्याकडून घेतली नव्हती, माझ्यासाठी सांभाळून ठेवली होती.