सबनीसकाका आणि रशियन फॉरवर्ड

सबनीसकाकांच्या घरी मॅच बघायला बसलं की मॅच पुढे जात नसे. साडेचार सेकंदांचा एक तुकडा असे आणि तो आम्ही तासभर बघत असू. टीव्हीपासून हातभर अंतरावर एक बुटकं स्टूल, त्यावर काका, मांडीवर वही, हातात व्हीसीआरचा वायर असलेला रिमोट. "थांबव," असं ते स्वतःलाच म्हणत आणि बटण दाबत. चित्र थांबे, पण मधोमध एक पांढरा पट्टा थरथरत राही. त्या पट्ट्यामागे बर्फावर एका पायावर झुकलेला, लाल जर्सीतला एक माणूस. काका चष्मा कपाळावर ढकलून त्याच्या गुडघ्याकडे बघत. "मागे घे," म्हणत. पुन्हा तेच साडेचार सेकंद.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी सत्तावीस वर्षांचा, नागपूरहून शिकायला आलेला आणि डेट्रॉइटजवळ नोव्हायमधल्या एका मोटार कंपनीच्या टेस्ट लॅबमध्ये नुकताच लागलेला. काका तिथे बारा वर्षं होते. गाडीची स्प्रिंग किंवा आस मुद्दाम तुटेपर्यंत हलवायचा, वेगवान कॅमेऱ्याने त्याची फिल्म काढायची आणि मग ती एकेक फ्रेम थांबवून तडा नेमका कुठे सुरू झाला ते शोधायचं, हे त्यांचं काम. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना म्हणालो, "काका, मला वाटतं हा जोड वीक आहे." ते म्हणाले, "मत नंतर. आधी दिसलं काय ते सांग." मला काहीच दिसलं नव्हतं.

मिरजेत वाढलेल्या या माणसाने बर्फ पाहिला होता तो गोळ्याच्या गाडीवर. आइस हॉकी त्यांच्या घरात आणली मुलाने. अमित शाळेच्या टीममध्ये खेळायचा; काका पहाटे त्याला रिंकवर सोडायचे आणि गारठत बाकावर बसायचे. पुढे अमित कॉलेजसाठी नॉर्थ कॅरोलायनाला गेला. त्याने हॉकी सोडली, काकांनी नाही सोडली.

त्यातही त्यांना वेड लागलं ते एका सोव्हिएत फॉरवर्डचं. त्याचं नाव लांबलचक होतं आणि मिशिगनमध्ये शीतयुद्धाच्या त्या वर्षांत ते कौतुकाने घ्यायची सोयही नव्हती. काका त्याला 'पाहुणा' म्हणत. पाहुणा अंगाने किरकोळ होता. समोरचे डिफेन्सवाले त्याच्यापेक्षा वीतभर उंच, धडक देऊन माणूस आडवा करणारे. हा सरळ त्यांच्या अंगावर जायचा. काठीच्या टोकाशी ती काळी रबरी चकती, पक, आणि मान वर. आता आदळणार असं वाटेपर्यंत जायचा, आणि दुसऱ्या क्षणी त्यांच्या पाठीमागे असायचा. कसा गेला ते कळायचं नाही.

"जादू वगैरे म्हणू नकोस," काका सांगत. "वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर गेल्याशिवाय माणूस वळू शकत नाही. ते कधी गेलं, एवढंच शोधायचंय."

कॅनडाच्या चॅनलवरून टेप केलेल्या मॅचमध्ये ते सापडेना. तो पांढरा पट्टा नेमका पायांवर यायचा. मग काकांनी फिनलंडमधल्या एका कोचला पत्र लिहिलं. त्याचा लेख त्यांनी लायब्ररीतल्या मासिकात वाचला होता. चार महिन्यांनी एक पार्सल आलं. तीच मॅच, वरच्या कॅमेऱ्यातून घेतलेली, सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर. कोचला ते रीळ मॉस्कोच्या एका ओळखीच्या माणसाने दिलं होतं, त्यामुळे पत्र्याच्या डब्यावर रशियन अक्षरं आणि जांभळा शिक्का होता.

सुमतीकाकूंनी तो डबा टेबलावरून उचलून कपाटात ठेवला. "हे घरात नको," त्या म्हणाल्या. त्या काऊंटीच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या. कागदावर काय कसं दिसतं हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

घरात ते दाखवायला यंत्रही नव्हतं. ते लॅबमध्ये होतं, एकेक फ्रेम दिव्याच्या उष्णतेने न जाळता थांबवणारं. पण गेल्या शरद ऋतूपासून कंपनीकडे लष्करी वाहनांचं काम आलं होतं. फिल्मरूम आता बंद भागात होती आणि बाहेरची कुठलीही वस्तू तिथे न्यायची नाही असा नियम दारावरच लावला होता.

एका रविवारी सकाळी आम्ही माझ्या गाडीने गेलो. गेटवर रजिस्टरमध्ये सह्या केल्या. रीळ डब्यासकट माझ्या कोटाच्या आत होतं. ते यंत्रावर चढवलंही मीच. माझे हात तरुण होते आणि काकांना फिल्मच्या कडेची बारीक भोकं दिसत नसत.

साडेचार सेकंद म्हणजे एकशे आठ फ्रेम. "जपमाळच झाली की," काका म्हणाले. आम्ही ती पाच वेळा ओढली. पाहुण्याचा गुडघा, खांदा, मनगट, सगळं मोजून झालं. काही जुळेना. शेवटी काका उठले, वहीचा पुठ्ठा फाडला आणि पडद्यावर पाहुण्याच्या जागीच धरला. "आता चालव." पाहुणा दिसेनासा झाला, दिसत होता तो फक्त समोरचा डिफेन्सवाला. एकसष्टाव्या फ्रेमला त्याचं सगळं वजन डाव्या पायावर आलं. काकांनी पुठ्ठा काढला. बासष्टाव्या फ्रेमला पाहुणा त्याच डाव्या बाजूने निघाला होता.

"हा आधी ठरवतच नाही रे," काका हळू आवाजात म्हणाले. "खांदा जरासा पाडतो आणि वाट बघतो. समोरचा एका पायात अडकला की त्याच पायाच्या बाहेरून जातो. दोन वर्षं मी चुकीच्या माणसाकडे बघत होतो."

इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. जेवायला उशीर झाला होता, काकू वाट बघत होत्या. "रीळ घे," म्हणून काका दिवे बंद करायला गेले. मी रीळ डब्यात घातलं, डबा शेल्फवर ठेवला, कोट घातला आणि तसाच बाहेर पडलो. डबा तिथेच राहिला हे मला सोमवारी सकाळी दहाला कळलं.

कळलं ते असं, की मला फिल्मरूममध्ये बोलावलं. आत सिक्युरिटीचे डफी उभे होते. पन्नाशीचे, रुंद, मान नसल्यासारखे. खुर्चीत काका. टेबलावर तो डबा. डफींनी काकांना यंत्राला हात लावायला मनाई केली होती, म्हणून ते चालवायला मी.

"यात काय आहे ते मला दाखवा," डफी म्हणाले.

मी रीळ चढवलं. हात सवयीने बिनचूक काम करत होते. दिवे बंद झाले. काका अंधारात बोलू लागले, नेहमीच्याच संथ इंग्रजीत. पाहुणा कोण, डिफेन्सवाला कोण, कुठे बघायचं. मी फिल्म पुढे नेत होतो, थांबवत होतो. एकसष्टावी फ्रेम आली तेव्हा डफी खुर्चीत पुढे सरकले.

"पुन्हा," ते म्हणाले.

मी पुन्हा दाखवलं. तिसऱ्यांदा दाखवलं. डफी खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "मी कॉलेजात डिफेन्समध्ये खेळायचो. असे मला चकवून जायचे. मला वाटायचं माझे पाय मंद आहेत."

"पाय मंद नव्हते," काका म्हणाले. "तुम्ही लवकर ठरवलंत."

मला वाटलं, सुटलो. पण दिवे लागले आणि डफींनी पॅड पुढे ओढलं. "हे इथे कोणी आणलं?"

"मी," काका म्हणाले.

"रविवारी याचीही सही आहे."

"तो शेजारच्या खोलीत स्वतःचा रिपोर्ट लिहीत होता. त्याला यातलं काही माहीत नाही."

काकांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ते माझ्याकडे बघत नव्हते. डफी माझ्याकडे वळले. "तू शेजारच्या खोलीत होतास?"

माझ्या ग्रीनकार्डचे कागद तेव्हा कंपनीच्या वकिलाकडे होते. नागपूरला वडील नुकतेच रिटायर झाले होते. हे सगळं त्या एका क्षणात मनात आलं असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मनात काहीच आलं नाही. मी फक्त घाबरलो होतो.

"हो," मी म्हणालो.

डफींनी ते लिहून घेतलं. निघताना ते काकांना म्हणाले, "या इमारतीत इतका चांगला अर्धा तास माझा कधी गेला नव्हता. पण मला रिपोर्ट लिहावा लागेल."

त्याच दिवशी काकांचं ओळखपत्र काढून घेतलं. पार्किंगच्या पलीकडच्या इमारतीत, सुट्या भागांच्या कॅटलॉगमध्ये नंबर तपासायला त्यांना बसवलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत, असं सांगितलं. ती वरपर्यंत गेली तर नोकरी जाईल आणि मग पुन्हा कुठे मिळणं कठीण, हे सगळ्यांना कळत होतं. लॅबमधले लोक कॉफीच्या यंत्रापाशी हळू बोलत. एकाने मला विचारलं, "तो कम्युनिस्ट आहे का रे?" मी म्हणालो, "मला माहीत नाही." हेही मी म्हणालो.

दहा दिवस गेले. रविवारी मी नेहमीसारखा काकांकडे गेलो. त्यांनी मॅचही लावली नाही आणि तो विषयही काढला नाही. गॅरेजचं दार दुरुस्त करत बसले. काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. पोळ्या लाटता लाटता, वर न बघता विचारलं, "तुम्ही दोघं होतात ना रे तिथे?"

मी मान हलवली.

"दोन माणसं सुट्टीच्या दिवशी खेळाची फिल्म बघत होती, हे एक. आणि एकटा माणूस रशियाचा डबा घेऊन बंद खोलीत बसला होता, हे दुसरं. मी आयुष्यभर रिपोर्ट टाइप केलेत, मिलिंद. तुझ्या काकांना वाटतं त्यांनी तुला वाचवलं. त्यात त्यांनी स्वतःला किती अडकवलंय ते त्यांना कळत नाहीये."

त्यांनी मला डफींकडे जा म्हटलं नाही. पोळी तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डफींच्या दारात उभा राहिलो. सगळं सांगितलं: रीळ माझ्या कोटात होतं, यंत्रावर मी चढवलं, डबा मी विसरलो. डफींनी ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "त्या दिवशी तू रीळ सरळ त्या जागेवर आणून थांबवलंस. शोधलं नाहीस. ज्याने ते कधी पाहिलं नाही त्याला हे जमत नाही. पण माझ्या माहितीला किंमत नाही. तू जबाबावर सही करायला हवी होतीस."

मी सही केली. मला लेखी ताकीद मिळाली आणि ग्रीनकार्डचे कागद वर्षभर हलले नाहीत. काकांची चौकशी 'नियमभंग, हेतू वैयक्तिक' एवढ्यावर मिटली. चार महिन्यांनी ते लॅबमध्ये परत आले. फिल्मरूमचं दार मात्र त्यांच्यासाठी पुन्हा उघडलं नाही. निवृत्त होईपर्यंत त्यांनी तडे शोधले ते दुसऱ्यांनी काढून आणलेल्या फोटोंवरून.

मी सही केल्याचं कळलं तेव्हा काका माझ्यावर भयंकर चिडले. "मी नीट बसवलं होतं सगळं," म्हणाले आणि तीन आठवडे बोलले नाहीत. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आले, डबा उघडला, अर्धं थालीपीठ माझ्या झाकणात ठेवलं. "उशीर केलास," म्हणाले. "पण दिसलं तेच सांगितलंस." त्यानंतर हा विषय आमच्यात कधी निघाला नाही.

पुढे ते अमितजवळ, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीला राहायला गेले आणि तिथेच वारले. त्यांची आठवण निघाली की मला मात्र एक दुपार आठवते, ते मिशिगन सोडून जायच्या आधीच्या हिवाळ्यातली.

सोव्हिएत टीम आमच्याकडे मॅच खेळायला आली होती आणि पाहुणा तिच्यात होता. काकांनी त्याला कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. आम्ही वरच्या भागातल्या एका रांगेत बसलो. स्टेडियम खच्चून भरलेलं, आणि लाल जर्सी बर्फावर उतरताच सगळीकडून हुर्यो. पाहुणा आता थोराड झाला होता. वेग कमी झाला होता. काका वही न काढता नुसते बघत होते.

शेवटच्या सत्रात तो पुन्हा तसाच सरळ गेला. खांदा पाडला, थांबला. पण समोरचा पोरगा पायात अडकला नाही. त्याने पाहुण्याला कडेच्या फळीवर असं आदळलं की तो आवाज आमच्यापर्यंत वर आला. पाहुणा बर्फावर पडला आणि उठेना. हजारो लोक आनंदाने ओरडू लागले.

काका उभे राहिले. ओरडले नाहीत, हात हलवला नाही. ओव्हरकोटाची बटणं लावलेला, टोपी हातात घेतलेला एक बुटका माणूस, फक्त उभा. त्या अख्ख्या बाजूला उभं असलेलं दुसरं कोणी नव्हतं. मागून कोणीतरी म्हणालं, "ए, खाली बस. रशियाला जा." पुढच्या रांगेतली दोन माणसं वळून बघू लागली. एकाने हातातला कागदी ग्लास चुरगळला. काकांची मान हलली नाही.

मी उठलो आणि त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. खाली पाहुण्याने एक हात टेकला, मग गुडघा, मग काठीचा आधार घेऊन उभा राहिला आणि हळूहळू घसरत बाकाकडे गेला. काकांनी टोपी घातली आणि ते बसले. मी तसाच उभा होतो. मला बसायचं सुचत नव्हतं.

काकांनी माझी बाही ओढली. "बस रे आता," म्हणाले. "मागच्यांना दिसत नाहीये."