काळ्या कुसळाचं भात

शेतकी कॉलेजच्या सरांनी माझ्या आईला फसवलं. आईने त्यांना फसवलं नाही, गावाने तर नाहीच. हे आधीच सांगून टाकतो, कारण आजही विषय निघाला की गावातले म्हणतात, "जाऊ दे रे, मोठा माणूस. त्याने काय मुद्दाम केलं?" मुद्दामच केलं.

माझा मुरबाडला गवत आणि पेंढ्याचा धंदा. डोक्यावर भारे वाहून सुरुवात केली, आज स्वतःची वखार आहे. भिवंडीच्या तबेलेवाल्यांशी भाव करताना माझा आवाज रस्त्यापर्यंत जातो, असं लोक म्हणतात. जातो. भाऱ्यात ओला पेंढा दडवून मला आजवर कुणी गंडवू शकलेलं नाही. आईला मात्र माझ्या डोळ्यांदेखत गंडवलं आणि मला पत्ता लागला नाही.

कॉलेज शहापूर-मुरबाड रस्त्यावरून आत, आमच्या गावाच्या शिवेला लागून. ते नव्वदच्या दशकात आलं, तेव्हा मुलं पार लांबून यायची, विदर्भातून, मराठवाड्यातून. दिवाळीची सुट्टी लागली की मेसवाला कुलूप घालून गावी जायचा. पण भाताला सुट्टी कळत नाही; ते नेमकं तेव्हाच कापणीला येतं. म्हणून शेवटच्या वर्षाची काही मुलं प्रयोगाच्या भाताचे प्लॉट राखायला मागे राहायची. एका दिवाळीत आईने त्यातल्या एका मुलीला बांधावर बसून पाण्यात बिस्किट बुडवून खाताना बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गावात फिरून पोरं वाटून टाकली. हा तुझ्याकडे, ही माझ्याकडे.

"सणाचं पोर उपाशी ऱ्हायलं तर गावदेवीला काय तोंड दाखवू आमी?" एवढंच तिचं म्हणणं.

तेव्हापासून दर दिवाळीला आमच्या पडवीत पंगत बसायची. आई घरचं जुनं भात शिजवायची. ते आमचं पिढ्यांचं बियाणं. लोंबीला काळं कुसळ यायचं, दाणा बारीक, आणि पेज उकळायला लागली की वास शेजारच्या घरापर्यंत जायचा. आई त्याला काळकुसळी म्हणायची. आमच्याशिवाय ते कुणाकडे उरलं नव्हतं.

कॉलेजचे सर एकदा जेवायला आले आणि त्या भातावर भाळले. "मावशी, हे बियाणं आमच्याकडे द्या. दरवर्षी लावून जपतो. तुम्हाला हवं तेव्हा घेऊन जा."

मी मध्ये तोंड घातलं. "सर, बदल्यात काय देणार?"

"गप रे," आई म्हणाली. "ताटावर बसलेल्या माणसाशी भाव करतो? लाज वाटू दे जरा."

मुलं हसली. सरही हसले. आईने त्यांना बियाणं दिलं, थोडं स्वतःकडे ठेवलं.

मग माझ्या चुलत्यांनी जमीन फार्महाऊसवाल्याला विकली. आई कागदावर कुठेच नव्हती. तिला विचारलंसुद्धा नाही. शेत गेलं तसं घरातलं बियाणंही वाया गेलं, कारण भात पेरलं नाही तर दोनेक वर्षांत त्याची उगवण मरते. आई रडली नाही. म्हणाली, "कॉलेजात हाय ना. तिकडं जितं हाय." त्या एका वाक्यावर ती उभी राहिली.

पुढच्याच दिवाळीत ते घडलं. सर सुट्टीवर गेलेले. कॉलेजचे प्लॉट पिवळे झालेले आणि अवेळी आभाळ भरून आलं. राखणीची मुलं धावत आईकडे आली. "मावशी, सगळं झोपेल हो! आम्ही किती कापणार?"

आईने हाक दिली आणि अख्खं गाव विळे घेऊन निघालं. आपलं कापायचं सोडून कॉलेजचं कापलं. म्हातारी माणसं भारे बांधत होती, मुलं वाहून नेत होती. "शाळेचा अभ्यास करतोय गो आमी!" अशी बायकांची थट्टा चालली होती. पाऊस आला तेव्हा एकही पेंढी शेतात नव्हती. आमच्याकडे मदतीला आलेलं गाव जसं रचतं, तशी सगळ्या प्लॉटच्या पेंढ्यांची मिळून एकच उडवी रचली, चांगली उंच, वर ताडपत्री. शेतात फक्त प्रत्येक प्लॉटच्या नावाच्या पाट्या भिजत उभ्या राहिल्या.

सर परत आले आणि उडवीसमोर उभे राहिले. मग म्हणाले, "मावशी, ही सगळी वेगवेगळी वाणं होती. वर्षभराचं काम होतं. आता कुठलं कुठलं ते नाही सांगता येणार."

गावाने माना खाली घातल्या. सर ओरडले नाहीत, हे मी मान्य करतो. ओरडायला हवे होते. ओरडले असते तर सगळं तिथेच संपलं असतं.

आई उडवीशी बसली. "माझं मला वळखता येतं," म्हणाली आणि एकेक पेंढी सोडून काळ्या कुसळाच्या लोंब्या वेचायला लागली. दिवसचे दिवस ती खळ्यावर जात राहिली. बोटांना कुसळं बोचून सुजली. मी म्हणालो, "पुरे कर गो आय." तिने ऐकलं नाही. शेवटी एक पिशवी भरली. ती सरांच्या हातात देत म्हणाली, "ह्ये माझं. आता तरी येगळं ठेवा."

सरांनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली. मी तिथेच होतो. "ठेवतो, मावशी."

पुढे दर दिवाळीला मुलं आली, जेवली, आईच्या पाया पडली. सर आले की आई विचारायची, "माझं भात कसं हाय?" ते म्हणायचे, "छान आहे मावशी, एकदम छान." आई आणखी एक वाटी वाढायची. म्हणायची, त्यांचे उपकार हायेत आपल्यावर, पोरांना कमी पडू द्यायचं नाय.

दोन हजार सालानंतर माझा जम बसला. टोकावड्याच्या बाजूला मी एक शेत घेतलं. आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती. अन्न जाईना. म्हणाली, "तुझ्या शेतात काळकुसळी लाव. आनि एकदा पेज दे मला तिची." मी त्याच दिवशी कॉलेजात गेलो.

सरांनी मला बसवलं, चहा मागवला. भावात खोट असली की माणूस आधी चहा मागवतो, हे मला धंद्याने शिकवलंय.

"ते कसं ठेवणार होतो हो?" ते म्हणाले. "मिसळलेल्या मालाची खात्री देता येत नाही. मावशींचं वेचून झालं, त्याच आठवड्यात सगळं गिरणीत गेलं."

"पिशवी?"

"तीही."

"मग दर दिवाळीला छान आहे, छान आहे?"

"मावशींना वाईट वाटू नये म्हणून."

मी टेबल उलथवलं. शिव्या दिल्या. लोकांनी धरून बाहेर काढलं. कुठला शेतकरी अजून लावतो का म्हणून पार सिद्धगडाच्या पायथ्यापर्यंत पाडे धुंडाळले. मिळालं नाही.

घरी आलो. आईने डोळे उघडले. "हाय ना रे?"

"हाय," मी म्हणालो. "छान हाय. पुढच्या पावसाला लावू."

"सरांना जेवायला बोलाव," ती म्हणाली. दिवाळीच्या आधीच ती गेली. दिवसकार्याला जुनी मुलं लांबून आली, बिस्किटवाली मुलगीही. पडवीत बसून ती लहान पोरासारखी रडली. सरही आले होते. हात जोडून म्हणाले, "कॉलेज मावशींचे उपकार विसरणार नाही."

सर, उपकाराचं राहू द्या. मला एवढंच सांगा. ती पिशवी हातात घेतलीत तेव्हाच तिला खरं सांगितलं असतंत, तर ती चार दिवस रडली असती आणि गप्प बसली असती. तुम्ही सांगितलं नाहीत. तिला वाईट वाटेल म्हणून, की सुट्टीत तुमच्या मुलांना जेवू घालणारं घर हातचं जाईल म्हणून? तुम्ही तिला ओळखलंच नव्हतं. खरं कळूनही तिने मुलांना वाढलंच असतं. मरताना आईशी जे खोटं मी बोललो ते तुमचं होतं, शब्दसुद्धा तुमचाच. त्याचा जाब मला द्या. गावासमोर, आमच्या पडवीत येऊन द्या.