खालून मारलेली सर्व्हिस

व्हॉलीबॉलमध्ये माझी सर्व्हिस डोक्यावरून असायची. बॉल उंच फेकायचा, कमरेतून मागे वाकायचं आणि हात फिरवून असा दणका द्यायचा की समोरचे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहत. ऐंशीच्या दशकात पांढुर्ण्यात आम्हा शाळामास्तरांना मिरवायला दुसरं होतंच काय? संध्याकाळी तशा दोन-चार सर्व्हिस मारल्या की दिवसभराची मरगळ उतरे.

मग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीत, म्हणजे दोन गावांनी नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारायच्या आमच्या जत्रेत, उजव्या खांद्यावर गोटा बसला. नदीपलीकडून, सावरगावच्या काठावरून आलेला. तो माझ्या साळ्यानं मारला होता, बायकोच्या सख्ख्या धाकट्या भावानं. त्याला हात फिरवताना मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यालाही दिसलं. पण गोटमारीत गोटा कोणाचा, हे आमच्याकडे कोणी विचारत नाही. तो गुन्हाच धरत नाहीत, मग माफी कोण मागणार? सोयरिकी दोन्ही काठांना, आणि संध्याकाळी जेवायचं एकाच पंगतीत.

हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. टीममधल्यांनी आडून आडून सुचवलं, गुरुजींनी आता स्कोअर लिहायला बसावं. माझं डोकंच फिरलं. त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही.

हिवाळा लागला तसा साळा रोज सायकलनं पूल ओलांडून ग्राउंडवर यायला लागला. तोही चांगला खेळायचा.

"भाऊजी, हात वर नका उचलू. खालून मारा."

"ते पोरींचं काम. लोक हासतीन मले."

"हासू द्या न. बॉल नेटपार गेला म्हंजे झालं."

डाव्या तळहातावर बॉल, उजवी मूठ कमरेमागून पुढे. बस्स. सुरुवातीला मी रागारागानं मारायचो आणि बॉल नेटमध्ये जायचा. "जोर काऊन लावून राहिले? हात नुसता झुलू द्या," तो म्हणे. चिडत नसे. बॉल आणायला स्वतःच धावे. खांद्याविषयी मात्र ना तो कधी बोलला, ना मी. हळूहळू बॉल नेटपार जायला लागला, पुढे पुढे तर हवा तिथे पडायला लागला. जुन्या दणक्यातल्या निम्म्या सर्व्हिस बाहेर जायच्या, हे मला तेव्हा कुठे कळलं. आणि खरं सांगायचं तर सर्व्हिसपेक्षा मला त्याच्या येण्याची सवय लागली होती.

उन्हाळ्याच्या तोंडाशी सौसरच्या मास्तरांशी मॅच झाली. तोही बघायला आला. तिकडचे लोक माझ्या सर्व्हिसला आधी खो खो हसले, मग बॉलमागे धावायला लागले. शेवटचा पॉइंट माझ्याच सर्व्हिसवर आला, तेव्हा साळ्यानं धावत येऊन मला उचलूनच घेतलं.

परतीच्या बसमध्ये तो शेजारी बसला होता.  खिडकीबाहेर बघतच म्हणाला, "भाऊजी, खांदा आता दुखत नाही न?"

दुखत होता. त्या कुशीवर मला झोपता येत नव्हतं. पण जिंकून आलो होतो, अंगात वारं शिरलं होतं.

"छे! इसरून बी गेलो मी."

त्यानं मान हलवली आणि समोरच्या सीटवर डोकं टेकून पांढुर्णा येईपर्यंत गाढ झोपला.

दुसऱ्या दिवशी तो ग्राउंडवर आला नाही. नंतरही आला नाही. सणावारी भेटायचा, आग्रहानं वाढायचा, जावयाशी बोलावं तसं बोलायचा. त्याच्या मनातलं देणं फिटलं होतं. मी एकटाच सर्व्हिस मारायचो आणि बॉल आणायला स्वतःच जायचो. दुखतं म्हणालो असतो, तर तो आणखी काही संध्याकाळी तरी आला असता.